तपकिरी गोळ्या

गल्लीत थोरलीला सगळे डॉक्टरीण म्हणायचे. नाव नवऱ्यानं पाडलं होतं. तो वायरमन. बोटाला चटका बसला, खिळा लागला, की घरी येऊन म्हणायचा, "काळजी नको, आपली डॉक्टरीण आहे." चेष्टेचं नाव होता होता खरं झालं. शेजारणीचं मूल खोकायला लागलं, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचे पाय सुजले, की निरोप थोरलीला. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती काजाच्या मशीनवर बसायची, तिथंही जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका असायचा. शिक्षण बेताचंच, पण सांगण्यात ठामपणा असा की ऐकणारीचं निम्मं दुखणं तिथंच पळायचं. सल्ला देताना 'बहुतेक' हा शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता.

धाकटी, म्हणजे तिची जाऊ, घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. तिचा नवरा दुसऱ्या गावी पुलाच्या कामावर वेल्डर होता, सुट्टीच्या दिवसापुरता घरी यायचा. त्या वर्षी शहराच्या बससेवेत पहिल्यांदाच बायकांना ड्रायव्हर म्हणून घेणार होते. धाकटीनं कुणाला न विचारता अर्ज टाकला आणि निवड झाल्यावरच घरात सांगितलं.

"बस?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, तुला गॅसची टाकी सरकवता येत नाही."

"टाकीला स्टिअरिंग नसतं ना, आई."

सासूबाई हसल्या नाहीत, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला त्यांनीच बातमी पोचवली होती.

ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी एका दुपारी दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. धाकटीनं एक चादर दोनदा पिळली, झटकली, परत बादलीत टाकली.

"जाऊबाई, एक विचारू? हसायचं नाही."

"हसण्यासारखं असलं तर हसणारच."

"मला एवढ्यात मूल नकोय. नोकरीत कायम होईपर्यंत तरी." तिनं जिन्याकडे पाहिलं. "यांच्याशी एकदा बोलले. 'बघू' म्हणाले. पुरुषांचं 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे."

थोरली हसली.

"तुम्ही आरोग्य केंद्रातून गोळ्या आणता ना? मला घेऊन चला एकदा. एकटीनं जायला कसंतरी होतं."

यावर 'चल' एवढंच म्हणायचं होतं. पण थोरलीनं बादलीतली चादर उचलून दोरीवर टाकली. आरोग्य केंद्राच्या त्या खोलीत ती आयुष्यात एकदाच बसली होती, धाकट्या मुलाचं अंगावरचं पिणं सुटल्यावर. खोली कसली, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे रांग, आणि रांगेत नेमका तिच्या कारखान्यातला मुकादम हाताला पट्टी बांधून घ्यायला उभा. सिस्टर खणखणीत आवाजात सांगत होती, गर्भाशयाचं चित्र पेन्सिलीनं दाखवत होती. थोरलीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. 'हो सिस्टर, कळलं सिस्टर' म्हणत राहिली. शब्द कानावर पडत होते, पण आत एकही जात नव्हता. हातात पाकीट आल्यावर ती जवळजवळ पळतच बाहेर पडली. पुढची पाकिटं ती बाहेरच्या औषधांच्या खिडकीवरूनच घ्यायची.

डोक्यात एवढंच राहिलं होतं, की पांढरी गोळी रोज एक. पाकिटाच्या शेवटी एक तपकिरी ओळ होती. तिच्याबद्दलही सिस्टर काहीतरी म्हणाली होती. पहिल्या महिन्यात थोरलीनं त्याही घेतल्या. पोट जड झालं, संडासला त्रास झाला, म्हणून पुढं सोडून दिल्या. पांढऱ्या संपल्या की आठवडाभर थांबायचं आणि नवीन पाकीट फोडायचं. काही बिघडलं नाही. तिचं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललं म्हणजे आपल्याला सगळं कळतं, असं तिनं धरून चाललं. उरलेल्या तपकिरी गोळ्या औषध फेकून कसं द्यायचं म्हणून बटणांच्या एका रिकाम्या डबीत साठत गेल्या.

आता धाकटीला घेऊन तिथं गेलं, तर सिस्टर विचारणार, 'तुम्ही कशा घेता हो?' आणि डॉक्टरीणबाई धाकटीसमोर काय सांगणार?

"तिथं कशाला?" थोरली म्हणाली. "आज गेलीस तर उद्या आईंच्या कानावर. माझ्याकडे आहेत."

तिनं खाली जाऊन डबीतल्या गोळ्या कागदात बांधून आणल्या. धाकटीनं कागद उघडला.

"तुमच्या पाकिटात पांढऱ्या दिसल्या होत्या मला. दोन रंगांच्या का असतात?"

'मला माहीत नाही' हे शब्द थोरलीच्या जिभेवर आले होते. ते तसेच राहिले, आणि भलतेच बाहेर पडले. "पांढऱ्या रोजच्या. आमचं माणूस रोज घरी, म्हणून मला त्या. या जोराच्या. भाऊजी येतील त्या दिवशी एक घ्यायची, बास."

"एकच?"

"रंग बघ की. उगाच का एवढ्या गडद केल्यात?"

धाकटीनं कागदाची घडी घातली. "तुम्ही आहात म्हणून बरं," ती म्हणाली. थोरलीला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. पुढं ते बरं वाटणंच तिला सगळ्यात जास्त टोचणार होतं.

ट्रेनिंग सुरू झालं आणि घराला नवाच विषय मिळाला. धाकटी जेवायला बसली की ताट दोन्ही हातांनी धरून वळवून दाखवायची. "मास्तर म्हणतात, पुढचं चाक कुणीही वळवतं. मागचं कुठं जातंय ते ज्याला कळतं तो ड्रायव्हर." दंड दुखायचे, तळहाताला घट्टे पडले होते, आणि ते ती दागिन्यासारखे दाखवायची. थोरलीच्या वायरमन नवऱ्याला ती रस्त्यातल्या विजेच्या खांबांवरून ऐकवायची: "भाऊजी, तुमच्या लोकांनी खांब रस्त्यात लावलेत की रस्ता खांबात?" तोही हसत हसत ऐकून घ्यायचा.

नवरा सुट्टीला यायचा त्या दिवशी ती थोरलीकडे बघून एक भुवई उडवायची. घेतली, असा त्याचा अर्थ.

मग एका आठवड्यात तिला डिझेलचा वास सहन होईना.

"पित्त," थोरली म्हणाली आणि लिंबूपाणी दिलं. पुढच्या आठवड्यात चहाचाही वास नको झाला. "उन्हात फिरतेस. पित्तच." हे म्हणताना तिला स्वतःचाच आवाज वेगळा वाटला. पाळी चुकल्याचं धाकटीनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दगदगीनं होतं असं." आणि मग मशीनवर बसल्या बसल्या तिनं एका शर्टाला काज उलट्या बाजूला पाडलं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

डेपोच्या आवारात बस मागं घेताना धाकटीला खिडकीतूनच उलटी झाली. मास्तरांनी तिला घरी पाठवलं. ती आली, तोंड धुतलं आणि दारात उभ्या असलेल्या थोरलीला म्हणाली, "मी आरोग्य केंद्रात चाललेय. यायचं तर या."

सिस्टर तीच होती, फक्त केस पांढरे झालेले. तिनं तपासणी केली, लघवीत बुडवलेली पट्टी उजेडात धरून पाहिली आणि सांगितलं. 

"पण मी गोळी घेत होते," धाकटी म्हणाली.

"कुठली?"

धाकटीनं पर्समधून कागदाची पुडी काढली. सिस्टरनं गोळी बोटांत धरली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई गं, ही तर लोहाची गोळी आहे. रक्त वाढायची. हिच्यात गर्भ थांबवणारं काहीच नसतं. पांढऱ्या संपल्या की रोजची सवय मोडू नये म्हणून शेवटचा आठवडा ह्या दिलेल्या असतात." तिनं गोळी टेबलावर ठेवली. "कुणी दिल्या तुला?"

थोरली तिच्या मागेच उभी होती. मान वर करायची आणि 'मी' म्हणायचं, एवढंच. ती जमिनीवरच्या फरशीकडे बघत राहिली. पूर्वी बघितली होती तीच फरशी.

"अशाच मिळाल्या," धाकटी म्हणाली. "ओळखीतून."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटीनं वळून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सिस्टरनं आपली खुर्ची जवळ ओढली. "दिवस फार झालेले नाहीत. ठेवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. घाई नाही, पण फार उशीरही करू नकोस. काय ठरेल ते मला येऊन सांग. मी आहे."

"विचार करते," धाकटी म्हणाली.

 घराच्या जिन्यात धाकटी थांबली. "आईंना एवढ्यात काही सांगू नका. मला जरा वेळ हवाय."

"नाही सांगत," थोरली म्हणाली.

आणि वर पोचल्या पोचल्या सासूबाईंनी तिलाच विचारलं, "काय गं डॉक्टरीण, काय निघालं?" त्यांचे डोळे आधीच चमकत होते, दोन मुलं वाढवलेल्या बाईला लिंबूपाण्याचा अर्थ कळत होता. थोरलीला 'पित्त' म्हणता आलं असतं. हजारदा म्हटलं होतं. पण त्या एका क्षणी तिला दिसलं, की ही बातमी आनंदाची झाली तर तिची चूक चूक राहणार नाही. उलट चांगलंच झालं असं सगळे म्हणतील.

"आई, गोड बातमी आहे," ती म्हणाली.

सासूबाईंनी धाकटीला जवळ घेतलं, कुरवाळलं, आणि लगेच मुलाला फोन लावला. फोनमधून त्याचं ओरडणं खोलीभर ऐकू आलं. धाकटीचा विचार करायचा वेळ त्या फोननं संपवला. ती हसत होती. कसं हसत होती ते फक्त थोरलीला दिसत होतं.

बातमी गल्लीभर झाली. शेजारणी येऊन म्हणायच्या, "जावेचा पायगुण हो तुमच्या!" कारखान्यात एकीनं तिच्याकडून गुडघेदुखीवर उपाय विचारला, तर ती एकदम तुटकपणे म्हणाली, "मला नाही कळत त्यातलं." सगळ्या बघतच राहिल्या.

एक दिवस अर्धी रजा टाकून ती एकटीच आरोग्य केंद्रात गेली. पडद्यापलीकडे नेहमीसारखी रांग होती. सिस्टरनं ओळखलं. "तुम्ही त्या मुलीबरोबर होतात ना?"

"गोळ्या मीच दिल्या होत्या," थोरली म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की सिस्टरला कान पुढं करावा लागला. तिनं परत सांगितलं, मोठ्यानं. रांगेतली कुजबुज थांबली. तिचे कान तापले. "तुम्ही मला पूर्वी सगळं सांगितलं होतं. मी ऐकलंच नव्हतं. लाज वाटत होती. आता परत सांगता का?"

सिस्टर रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं तेच जुनं चित्र भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं.

"हे बघा. मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते. ती दर महिन्याला अंडाशयाला निरोप धाडते, एक अंडं पिकव. पिकलं की ते बाहेर पडतं, आणि तेव्हा पुरुषाचं बीज भेटलं तर गर्भ राहतो. पांढऱ्या गोळीत दोन संप्रेरकं असतात, शरीर स्वतः बनवतं तसलीच. ती रक्तात रोज असली, की त्या ग्रंथीचा निरोप जातच नाही. अंडं पिकत नाही, बाहेर पडत नाही. अंडंच नाही तर गर्भ कशाचा?"

"म्हणजे पोटात गेलेलं काही मारत नाही ती?"

"मारायला तिथं काही तयारच होत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी जो पातळ स्राव असतो ना, तो दाट होतो, चिकासारखा. बीजाला आत सरकता येत नाही. आतलं अस्तरही पातळ राहतं. पण हे सगळं गोळी रोज घेतली तरच. एक दिवस घेऊन चार दिवस विसरलं, की निरोप परत सुरू. त्या रात्रीपुरती घ्यायची ही गोळीच नव्हे. डोकेदुखीची गोळी दुखलं की घेतात, तसं हिचं नाही."

थोरलीनं विचारलं, मग मी तपकिरी सोडल्या तरी मला काही कसं झालं नाही? सिस्टर म्हणाली, पांढऱ्या तुम्ही नेमानं घेतल्या, म्हणून त्या आठवड्यातही त्यांचा परिणाम टिकून होता. नवीन पाकीट वेळेवर सुरू केलं, म्हणून निभावलं. "पण दुसरीला आपल्यातल्या कधी द्यायच्या नाहीत. पांढऱ्यासुद्धा. एखादीचा बीपी जास्त असतो, एखादीचं बाळ अंगावर पीत असतं. आम्ही विचारून, तपासून देतो."

"मी तिला 'जोराच्या' म्हणून दिल्या," थोरली म्हणाली, आणि तिथं, त्या रांगेसमोर, तिला रडू फुटलं.

परत येताना तिनं मनाशी ठरवलं, आता घरात सांगायचं, लपवाछपवी बास. दुसऱ्याच दिवशी सुट्टी होती. दीर आलेला होता. स्वयंपाकघरात सासूबाई भाजी चिरत होत्या, धाकटी कणीक मळत होती, दीर दाराला टेकून चहा पीत होता. थोरलीनं एका दमात सगळं सांगितलं: गोळ्या, रंग, जोराच्या, आरोग्य केंद्र. "माझ्यामुळं झालं. तिला एवढ्यात मूल नको होतं. मी फसवलं तिला."

सासूबाईंची सुरी थांबली. दिरानं कप ओट्यावर ठेवला.

"तू गोळ्या घेत होतीस?" त्यानं बायकोला विचारलं. "मला न सांगता?"

धाकटी कणीक मळतच राहिली. तो बाहेर निघून गेला. दार आपटलं नाही, नुसतं उघडं टाकलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी फोन केला तेव्हा... तू हसत होतीस ते..." आणि वाक्य अर्धवट सोडून चिरलेली भाजी उगाच परत धुवायला घेतली.

त्या उठून गेल्यावर धाकटी थोरलीकडे वळली. हात कणकेनं भरलेले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला बोलायला?"

"मला राहवेना गं. मनावर ओझं..."

"तुमच्या मनावरचं ओझं तुम्ही उतरवलंत, आणि माझ्या डोक्यावर ठेवलंत. सिस्टरसमोर मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. ते तुमच्यासाठी नव्हतं, वहिनी. माझं माझ्याकडे राहावं म्हणून होतं. आता हे मूल मोठं होईपर्यंत या घरात प्रत्येकाला ठाऊक असणार, की आईला ते नको होतं. आधी मला न विचारता बातमी सांगितलीत. आज मला न विचारता गुन्हा कबूल केलात. एकदा तरी विचारायचं होतं."

'जाऊबाई'ची ती 'वहिनी' झाली होती, कुणा परकीला म्हणावं तशी. थोरलीला वाटलं होतं, खरं बोललं की लाज जाते. ती जागच्या जागी दुप्पट झाली. तोंडातून 'माफ कर' निघालं, पण त्या दोन शब्दांत काही भरता आलं नाही. धाकटीनं परात उचलून ओट्यावर ठेवली आणि पाठ फिरवली.

दीर पुढच्या सुट्टीला आलाच नाही. त्याच्या नंतरच्या सुट्टीला आला, आणि नवराबायको गच्चीवर बराच वेळ बोलत बसले. काय बोलले ते थोरलीला कळलं नाही. तिनं कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. खाली आल्यावर तो आईला एवढंच म्हणाला, "मी 'बघू' म्हणालो होतो. बघितलं काहीच नाही." मूल ठेवायचं, असं धाकटीनं सांगितलं. तिचं तिनं ठरवून सांगितलं, की आता ठरवण्यासारखं फारसं राहिलंच नव्हतं म्हणून, हे विचारायचा हक्क थोरलीला उरला नव्हता.

डेपोत मास्तर म्हणाले, नियम म्हणजे नियम, या तुकडीतून नाव काढावं लागेल. सासूबाई कुणालाही न सांगता दोन बस बदलून त्यांना भेटायला गेल्या. "पोरीची जागा ठेवा. बाळ मी सांभाळते," म्हणाल्या. जागा काही राहिली नाही. पण पुढच्या भरतीची तारीख मास्तरांनी स्वतः लिहून दिली, आणि "तुमची सून मागच्या चाकाचा विचार करते," असंही म्हणाले. सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही, तरी त्या चार ठिकाणी सांगत फिरल्या.

मुलगी झाली. धाकटीनं तिचे लाड केले, सगळ्यांसमोर आणि कुणी नसतानाही. ते थोरलीनं पाहिलं आणि तिच्या जिवाला थोडा थारा मिळाला. भरतीच्या पहिल्या चाचणीत धाकटी नापास झाली, बस मागं घेताना. दुसऱ्या वेळी पास झाली. थोरली सकाळची पाळी सोडून दुपारच्या पाळीला जायला लागली, म्हणजे सकाळी मुलगी तिच्याकडे राहील. हे तिनं आधी धाकटीला विचारलं होतं. धाकटीनं दोन दिवस उत्तर दिलं नव्हतं, मग म्हणाली, "चालेल."

गल्लीत डॉक्टरीण हे नाव अजून टिकून होतं. नावं अशी सहज पुसली जात नाहीत. कुणी काही विचारायला आलं की थोरली म्हणायची, "मला नक्की माहीत नाही." लोकांना वाटायचं, हिला आता गर्व झाला.

नव्या तुकडीचं ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी एका सकाळी धाकटी तयार होऊन आली. मुलगी आता वर्षाची होत आली होती, पाय टाकायला लागली होती.

"सिस्टरकडे जायचंय," ती म्हणाली. "हिला धरायला कुणीतरी हवं. येता?"

"येते की."

"आत मी एकटी जाईन."

"हो," थोरली म्हणाली.

आरोग्य केंद्रात आता पडद्याच्या जागी लाकडी दार बसवलं होतं. धाकटी आत गेली आणि दार लागलं. थोरली बाहेर बाकावर बसली, मुलीला मांडीवर घेऊन. आतून सिस्टरचा आवाज येत होता, मग धाकटीचा, काहीतरी विचारणारा, परत परत विचारणारा. शब्द कळत नव्हते. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "तुमची का?"

"जावेची," थोरली म्हणाली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. धाकटीच्या हातात पाकीट होतं, ते तिनं लपवलं नाही, दाखवलंही नाही. पर्समध्ये ठेवलं आणि हात पुढं करून मुलीला घेतलं.

"चला," ती म्हणाली. "ऊन वाढतंय."

थोरली तिच्या मागून चालू लागली.